घाटमाथ्याच्या कडेकडेने : रतनवाडी ते भीमाशंकर

सह्याद्रीतले किल्ले आपण सहसा सुटे सुटे पाहतो. एखाद्या रविवारी रतनगड, कधी जोडून सुट्टी आली की हरिश्चंद्रगड, पावसाळ्यात नाणेघाट. गाडीने पायथ्याला जायचं, चढायचं, उतरायचं आणि त्याच गाडीने परतायचं. हे सगळे डोंगर एका ओळीत उभे आहेत आणि त्यांच्यामधून माणसांच्या ये-जा करायच्या वाटा आहेत, हे नकाशावरून कळतं, पण पायांना ठाऊक नसतं. मला ते पायांनी समजून घ्यायचं होतं.

यंदा मार्गशीर्षात ही ओळ सलग चालायचं ठरवलं. रतनवाडीतून निघायचं आणि रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, हरिश्चंद्रगड, खिरेश्वर, नाणेघाट, जीवधन, ढाकोबा, दुर्ग, आहुपे असं करत भीमाशंकर गाठायचं. सगळं मिळून शे-सव्वाशे किलोमीटर. कागदावर हा आकडा काही फार वाटत नाही, पण घाटमाथ्यावर निम्मं अंतर उभं असतं. चढलेली उंची दुपारी घालवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कमवायची, हा रोजचा क्रम.

मार्गशीर्ष निवडला तो पाण्यासाठी. भाताची कापणी उरकलेली असते, ओढे अजून वाहते असतात, टाकी भरलेली असतात. होळीनंतर याच वाटेवर पाण्यासाठी गावागावात उतरावं लागतं. आम्ही तिघं होतो: मी, माझी मैत्रीण आणि तिचा थोरला भाऊ, ज्याला मीही दादाच म्हणते. पाठीवर एक तंबू, चार दिवसांचा शिधा आणि गॅसची छोटी शेगडी. पुढचा शिधा वाटेतल्या गावांच्या भरवशावर.

दिवस पहिला : रतनवाडी ते रतनगड

सुरुवात अमृतेश्वरापासून. गोदावरी आणि भीमा यांच्या दरम्यान उगम पावणाऱ्या बारा नद्यांच्या काठी शिलाहार राजा झंझ याने बारा शिवालयं उभारली, अशी परंपरा आहे. प्रवरेच्या उगमाजवळचं अमृतेश्वर हे त्यांतलं एक. शिखरापर्यंत कोरीवकामाने भरलेलं हे देऊळ सकाळच्या तिरप्या उन्हात पाहावं. शेजारची पुष्करणीही चुकवू नये.

गावाबाहेर पडल्यावर वाट प्रवरेच्या पात्राला धरून जाते आणि ते पुन्हा पुन्हा ओलांडते. पुढे धरणाच्या पोटात जाणारी आणि थेट गोदावरीला भेटणारी ही नदी इथे एका ढांगेत पार होते. मग जंगल सुरू होतं आणि त्यात एक फाटा लागतो: उजवीकडे रतनगड, सरळ कात्राबाईची खिंड. उद्या इथेच परत यायचं असल्याने दादाने जागा नीट पाहून ठेवली.

वरच्या टप्प्यात लोखंडी शिड्या आहेत. पाठीवर भरलेली सॅक असली की शिडीवर वजन मागे ओढतं. दोन्ही हातांनी कठडा धरून, छाती शिडीला टेकवून एकेक पायरी चढलो. गणेश दरवाजा, मग हनुमान दरवाजा, आणि त्यानंतर गडाचा प्रशस्त माथा. रत्नाबाईच्या गुहेशेजारी सॅक टाकल्या आणि नेढ्याकडे गेलो.

रतनगडाचं नेढं म्हणजे कड्याच्या माथ्याला आरपार पडलेलं भोक. सात-आठ माणसं ऐसपैस बसतील एवढं. वारा त्यातून असा घुसतो की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. इथून उत्तरेला अलंग, मदन, कुलंग हे तिघे आणि पलीकडे १,६४६ मीटरचं कळसूबाई दिसतं. दक्षिणेला मात्र मी जास्त वेळ पाहत बसले. कात्राबाईचा डोंगर, त्यामागे आजोबाचा प्रचंड कडा आणि अगदी धूसर अशी हरिश्चंद्रगडाची रेघ. दोन दिवसांनी तिथे असायचं होतं.

दिवस दुसरा : रतनगड ते कुमशेत

शिड्या उतरून पुन्हा फाट्यावर आलो आणि कात्राबाईची वाट धरली. इथपर्यंत वाट मळलेली होती, येणारे-जाणारे भेटत होते. फाटा सोडला आणि माणूस संपला. खिंडीपर्यंतचं जंगल दाट आहे. दिवसाही सावलीत गारवा. एकदा भेकर ओरडलं, अगदी जवळून, आणि मग बराच वेळ पाचोळ्यावरच्या आमच्या पावलांखेरीज काहीच ऐकू आलं नाही.

शेवटची चढण दमवणारी आहे. खिंडीत कात्राबाईचं ठाणं आहे, शेंदूर लावलेले दगड. तिथे टेकलो तेव्हा घामाने भिजलेली पाठ वाऱ्याने थंडगार पडली. या खिंडीची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. इथे उभं राहिलं की उत्तरेकडचं पाणी प्रवरेला आणि दक्षिणेकडचं मुळेला जातं. एका डोंगराच्या दोन अंगांना जन्मलेल्या या नद्या वेगवेगळ्या खोऱ्यांतून सगळा जिल्हा ओलांडून नेवाशाकडे एकमेकींना भेटतात. आमच्या पायाखाली त्यांच्यामधलं अंतर दहा पावलांचं होतं.

खिंडीतून कुमशेतकडची उतरण घसाऱ्याची. सुटा मुरूम, त्यावर वाळलेलं गवत. पाय ठेवला की खालचं सगळंच चालू लागतं. टाचा रोवत, कारवीच्या दांड्या धरत उतरलो. डावीकडे रान आणि उजवीकडे आजोबाचा कडा इतका जवळ की त्यावरचे गवताचे पट्टे मोजता यावेत.

कुमशेतला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. पहिल्याच घरातल्या आजींनी ओसरीवर जागा दिली. "कुठनं आलात? रतनवाडीहून? चालत?" असं विचारून त्यांनी आत पाहून सुनेला आवाज दिला, "तीन माणसं वाढव गं." नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि लसणीची चटणी. जेवताना आजींनी सांगितलं की त्यांचं माहेर रतनवाडीकडचं. लग्नानंतरची कितीतरी वर्षं त्या सणासुदीला याच खिंडीतून माहेरी जात, काखेत मूल आणि डोक्यावर गाठोडं घेऊन. आम्ही दिवसभर जी वाट अवघड म्हणत आलो, ती त्यांची माहेरची वाट होती.

दिवस तिसरा : कुमशेत ते हरिश्चंद्रगड

सकाळी मुळेच्या पात्राकडे उतरलो. पाणी नितळ, पोटरीपर्यंत. बूट गळ्यात अडकवून पलीकडे गेलो आणि पुन्हा चढ. पेठेची वाडी, मग पाचनई. वाटेत खाचरांमधून भाताचे बुडखे, बांधांवर नाचणीच्या पेंढ्या. हा भाग उघडा आहे. डिसेंबरचं ऊनही अकराच्या पुढे लागतं.

पाचनईहून गडावर जाणारी वाट सर्वांत सोपी समजली जाते, आणि ती तशी आहेच. पण आधीची चाल पायांत असली की सोपी वाटही आपला मोबदला घेते. एका जागी डोक्यावर झुकलेल्या कातळाच्या पोटातून आडवं जावं लागतं, बाजूला मंगळगंगेची घळ. हा टप्पा मला संपूर्ण गडवाटेत सर्वांत देखणा वाटतो.

हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ खोलगट जागी, अखंड खडकाच्या आवारात आहे. शेजारी केदारेश्वराची गुहा: मधोमध भलंमोठं शिवलिंग, भोवती कमरेइतकं पाणी, आणि चार खांबांपैकी एकच धड उभा. चार खांब म्हणजे चार युगं आणि उरलेला कलियुगाचा, असं लोक सांगतात. मैत्रिणीने पाण्यात उतरून प्रदक्षिणा घातली. मी दोन पावलं टाकली आणि पाय बधिर झाल्यावर काठावर आले. ती पूर्ण फेरी घालून आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि चेहरा विलक्षण प्रसन्न होता.

संध्याकाळी कोकणकडा. कोकणकड्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की आणखी लिहायला मन धजत नाही, तरी एवढं सांगते: तो नुसता सरळ कडा नाही, मधोमध आत वळलेला आहे, त्यामुळे कडेला पालथं झोपून खाली पाहिलं की पायाखालची जमीन आपल्याही मागे गेलेली असते. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथेच इंद्रवज्र पाहिलं होतं, ढगावर उमटणारं पूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि मध्यभागी पाहणाऱ्याची स्वतःची सावली. त्याला दरीत ढग आणि पाठीशी सूर्य लागतो. आमच्या वेळी आकाश निरभ्र होतं. सूर्य कोकणातल्या धुरकटात तांबूस होऊन विरघळला आणि कड्यावरचा वारा एकदम बोचरा झाला. रात्री देवळाजवळच्या गुहेत होते नव्हते तेवढे कपडे घालून झोपलो.

दिवस चौथा : हरिश्चंद्रगड ते खुबी फाटा

पहाटे तारामतीवर गेलो. गडाचं हे सर्वोच्च शिखर, १,४०० मीटरच्या वर. उत्तरेला रतनगडाचं नेढं दुर्बिणीतून दिसलं आणि दादा कितीतरी वेळ दुर्बीण खाली ठेवेना.

उतरताना तोलार खिंडीची वाट घेतली. वरच्या टेकड्यांवरून चढउतार करत जाणारी ही वाट संपता संपत नाही. त्यानंतर उघड्या कातळाचा टप्पा, जिथे आधाराला लोखंडी कठडे आहेत. चढणाऱ्यांची रांग होती, त्यांना वाट देत सावकाश उतरलो. खिंडीत दगडावर कोरलेला वाघ आहे, शेंदराने माखलेला. रानात जाणाऱ्याने त्याच्यापुढे हात जोडून जायचं, ही जुनी रीत. आम्हीही जोडले.

खिरेश्वरचं नागेश्वर मंदिर गावापासून जरा आडबाजूला आहे म्हणून बरेच जण पाहतच नाहीत. झंझ राजाच्या बारांपैकी हे आणखी एक, पुष्पावतीच्या काठचं. छतावरची शिल्पं पाहायला मान मोडेस्तोवर वर बघावं लागतं, आणि बघावंच.

मग पिंपळगाव जोगे धरणाची भिंत. सरळ, सपाट, एका बाजूला पाणी. चार दिवस चढउतार केलेल्या पायांना सपाटी सोसत नाही, हे मला इथे कळलं. प्रत्येक पाऊल अगदी तसंच पडतं आणि बूट रोज जिथे घासत नव्हता तिथे घासू लागतो. खुबी फाट्याला पोचलो तेव्हा माझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते.

दिवस पाचवा : खुबी फाटा ते नाणेघाट

या दिवसाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बराचसा डांबरी रस्ता, मढ, पारगाव, मग निमगिरीच्या पायथ्याची खांडीची वाडी. निमगिरी आणि हनुमंतगड हे जोडकिल्ले खालूनच पाहिले. त्यापुढे अंजनावळ्यापर्यंत टेकड्यांमधून चाल. टाचांना चिकटपट्ट्या लावून, दर तासाला बूट काढून बसत मी हा दिवस ढकलला. संपूर्ण वाटेत सोडून द्यावंसं वाटलं ते याच दिवशी, एका एसटीच्या थांब्यावर, समोर एसटी उभी असताना. मैत्रीण काही बोलली नाही. तिने माझ्या सॅकमधली तांदळाची पिशवी आणि पाण्याची एक बाटली काढून आपल्या सॅकमध्ये घातली आणि चालू लागली. मग मीही उठले.

नाणेघाटात शिरताना ऊन कलतं होतं, आणि दिवसाचा सगळा शीण त्या गुहेने घेतला. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांवरून कल्याणमार्गे जुन्नरला जाणारा माल याच खिंडीतून चढत असे. गुहेच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची त्यात नोंद आहे: गाई, हत्ती, घोडे, कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी, आणि त्यांचे आकडे. भारतातल्या अंकचिन्हांचा अभ्यास करणाऱ्यांना हा लेख टाळता येत नाही तो याच आकड्यांमुळे. मागच्या भिंतीशी सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. सिमुक, सातकर्णी, नागनिका ही नावं वर कोरलेली आहेत. पुतळे कधीच फुटून गेले, काहींचे फक्त पाय उरलेत. अख्खी माणसं गेली आणि पाय राहिले, ते पाहताना मला माझ्या टाचांची आठवण राहिली नाही.

बाहेर दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकली जाई असं म्हणतात. खिंडीतल्या फरसबंदीवर थोडं खाली उतरून पाहिलं. दगड झिजून गुळगुळीत झालेत. घाटघरला मुक्काम केला.

दिवस सहावा : जीवधन

मुद्दाम थोडक्यात ठेवलेला दिवस. सॅक घाटघरात ठेवून, पाण्यापुरतं ओझं घेऊन नाणेघाटाच्या बाजूने जीवधनच्या कल्याण दरवाजाकडे चढलो. जंगल संपलं की कातळात खोदलेल्या उंच पायऱ्या लागतात. मधल्या काही उद्ध्वस्त झाल्यात, तिथे दादाने आधी चढून दोर सोडला. शेजारी वानरलिंगीचा सुळका आकाशात घुसलेला. दरवाजा कड्याच्या बेचक्यात असा लपवलाय की अगदी समोर येईपर्यंत दिसत नाही.

माथ्यावरची धान्याची कोठी मला पाहायची होती. १८१८ मध्ये इंग्रजांनी गड घेतला तेव्हा आतलं धान्य जळलं, आणि आतल्या अंधारात पायाखाली जी मऊ भुकटी लागते ती त्याचीच राख, असं सांगतात. मी वाकून चिमूटभर उचलली. अगदी हलकी, करडी, बोटांना चिकटणारी. परत तिथेच ठेवली.

जुन्नर दरवाजाने उतरताना दादाचा गुडघा धरला. उरलेला दिवस त्याने पाय गरम पाण्यात सोडून काढला, आणि मी उद्यासाठी वाटाड्या शोधला. घाटघर ते ढाकोबा हे रान वाटाड्याशिवाय करू नये, असं आम्हाला अनेकांनी बजावलं होतं. ढोरवाटांचं जाळं आहे, आणि त्यातली बहुतेक सगळी कड्याच्या टोकाला जाऊन संपतात.

दिवस सातवा : घाटघर ते दुर्ग

सर्वांत लांब आणि सर्वांत समृद्ध दिवस हाच.

मामा पहाटे पाचला दाराशी आले. साठीच्या पुढचे, पायात रबरी चपला, कमरेला आकडी आणि त्यात कोयता. आमच्या बुटांकडे आणि सॅककडे एकदा पाहिलं, दादाच्या गुडघ्याकडे दोनदा पाहिलं, आणि त्याच्या हातात एक काठी दिली. "ही धरा. उतरताना पुढं टेकायची, मागं न्हाई."

पहिला तासभर वाट स्पष्ट होती. मग कारवी सुरू झाली. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते हे सगळ्यांना माहीत असतं. मधल्या वर्षांत ती काय करते हे मात्र चालणाऱ्यालाच कळतं. डोक्याच्या वर गेलेल्या दांड्या, एकमेकींत अडकलेल्या, आणि खाली जमीन दिसत नाही. मामा पुढे कोयत्याने सपासप वाट मोकळी करत होते, पण कापत होते ते हिशेबाने. उजव्या बाजूच्या दांड्या तेवढ्या, आणि त्याही तिरक्या, जेणेकरून छाटलेली टोकं चालणाऱ्याच्या पोटरीत घुसू नयेत. मी विचारलं तेव्हा थांबून म्हणाले, "आपुन पुढं जातो, मागनं कोन तरी येतंय का न्हाई?"

पूर्वी ही वाट कापावी लागत नसे. गुरं, माणसं, बाजारकरी यांच्या पायांनीच ती उघडी राही. "सडक झाली तवापास्नं कोन चालतंय हिकडनं," मामा म्हणाले. रस्ता आला हे चांगलंच झालं. आजारी माणूस जुन्नरला वेळेत पोचतो, पोरं शाळेत जातात, आणि हे मामांनीच आधी सांगितलं. पण वाट चालली नाही की दोन पावसाळ्यांत रान ती परत घेतं. मामांची लेक कोंढवळला दिलेली, भीमाशंकरच्या अलीकडे. तिच्याकडे ते दुर्ग, आहुपे असं चालत जात, एक मुक्काम वाटेत. आता गाड्या बदलत, मोठा वळसा घालून जातात. "यंदा शिवरात्रीला चालत जायाचं हाय. तुमी आहुप्याच्या पुढं जातायच, तर वाट कशी हाय ते बघा अन् मला फोन करा."

दुपारी ढाकोबाच्या पठारावर आलो आणि एकाएकी जमीन संपली. कोकणकड्याची कीर्ती मोठी, पण ढाकोबाच्या कड्याशी आम्ही चौघंच होतो, आणि हे फार वेगळं आहे. ना कठडा, ना टपरी. उत्तरेला जीवधन आणि वानरलिंगी, दक्षिणेला दुर्गचा माथा, खाली कोकणातली गावं, आणि आमच्या पातळीच्या खाली गिरक्या घेणारी एक घार. मामांनी खिशातून विड्याचं पान काढलं, चुना लावला आणि कड्यापासून दहा पावलांवर निवांत बसले. बोट दाखवत त्यांनी एकेक घळ सांगितली: इथून दाऱ्या घाट उतरतो, त्या सोंडेवरून गुरं कधी न्यायची नाहीत, त्या झऱ्याला वैशाखातही पाणी असतं. नकाशात यातलं काहीच नाही.

ढाकोबा ते दुर्ग पुन्हा रान, पुन्हा चढउतार. ऊन उतरलं तेव्हा दुर्गादेवीच्या देवळापाशी पोचलो. दादा काठीवर भार टाकत शेवटचा अर्धा तास अक्षरशः एकेक झाड ठरवून चालत आला. दुर्गवाडीतल्या मामांच्या नातेवाइकांकडे मुक्काम. जेवताना बोलणं हिरड्यावर गेलं. इथल्या महादेव कोळी घरांचं रोख उत्पन्न मुख्यतः बाळहिरड्याचं: उन्हाळ्यात झाडावरून काढायचा, वाळवायचा, विकायचा. भाव पडला की वर्ष कठीण जातं. त्यामुळे हिरड्याच्या झाडाला इथे कुणी कुऱ्हाड लावत नाही.

दिवस आठवा : दुर्ग ते आहुपे

मामा पहाटेच परत फिरले. जाताना दादाला म्हणाले, "काठी ऱ्हाऊ द्या."

हातवीजमार्गे आहुप्याची वाट त्या मानाने सुखाची. रोजच्या वापरातली असल्याने पायाखाली घट्ट. आहुप्याची देवराई आडरानात नाही, गावाला लागूनच आहे. आत शिरलं की उजेडच बदलतो. दोघांच्या कवेत न मावणारे बुंधे, मांडीएवढ्या जाड वेली एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या, आणि पायाखाली वर्षानुवर्षांचा पाचोळा, जो कुणी जळणालाही उचललेला नाही. देवाचं रान म्हणजे वाळलेली काडीही देवाचीच. बाहेर डिसेंबरचं कोरडं ऊन होतं आणि आत माती ओली. घोड नदी या परिसरातून निघते, आणि हे रान पाहिल्यावर ती कशावर जगते ते समजतं.

संध्याकाळी कड्यावर गेलो. समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, बाजूला सिद्धगड. या कड्यावरून खाली आहुपे घाटाची वाट उतरते. डोक्यावर पाटी घेतलेल्या दोन बायका ती वाट चढून आल्या, आमच्याकडे पाहून हसल्या आणि न थांबता गावाकडे गेल्या. ही वाट जिवंत आहे याचा मला फार आनंद झाला.

दिवस नववा : आहुपे ते भीमाशंकर

शेवटचा दिवस सोपा असेल असं वाटलं होतं. तो तसा नव्हता. कोंढवळपर्यंत रान आणि पठारं आळीपाळीने. मामांना कळवायचं म्हणून मी वहीत टिपून ठेवत होते: पहिल्या ओढ्यापर्यंत वाट मोकळी, नंतरच्या चढावर कारवी खांद्यापर्यंत, दुसऱ्या ओढ्याजवळ दोन झाडं आडवी, त्यांना डावीकडून वळसा. असं टिपायला लागल्यावर चालण्याची तऱ्हाच बदलली. कोण येणार आहे, कशा पायांनी येणार आहे, त्याला कुठे टेकता येईल, हे दिसू लागलं.

कोंढवळनंतर भीमाशंकरचं अभयारण्य. उंच झाडी, आणि वर शेंड्यांमध्ये शेकरूंची घरटी, काटक्या-पानांचे मोठे गोळे. बराच वेळ नुसती घरटीच दिसली. मग मैत्रिणीने दंड धरून थांबवलं. डोक्यावरच्या फांदीवर तांबूस-तपकिरी अंग, पिवळसर पोट, अंगापेक्षा लांब शेपूट. आमच्याकडे पाहत ते क्षणभर थांबलं आणि मग पलीकडच्या झाडावर अशी झेप घेतली की फांदी हलली तेव्हाच कळलं ते कुठे गेलं.

देवळाशी पोचलो तेव्हा गर्दी होती. चिखलाने माखलेले बूट बाहेर ठेवून रांगेत उभे राहिलो. दर्शन झालं. आवारात वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी आप्पांनी अर्पण केलेली पोर्तुगीज घंटा आहे. कोकणातून हे अवजड धूड घाटावर कोणत्या वाटेने आणलं असेल, याचा दादा तिच्यापाशी उभा राहून गंभीरपणे विचार करत होता.

एसटीला अवकाश होता. फोनला रेंज आली तसा आधी मामांना लावला.

"पोचलासा का?"

"पोचलो मामा. आहुप्यापर्यंत वाट चांगली आहे. पुढे चढावर कारवी फार वाढलीय, आणि दुसऱ्या ओढ्याशी दोन झाडं आडवी पडलीत. डावीकडून जा. कोयता घेऊनच निघा."

"डावीकडनं. बरं. अन् दादांचा गुडघा?"